पाय उचलावा की ओढावा?

गेल्या दिवाळीत मुंबईस भाचीकडे उतरलो असता तिने आपल्या कन्येचे एक छायाचित्र मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे धरले. मुलगी अकरा वर्षांची. तीन वर्षांपासून बॅले शिकते. छायाचित्रात ती एका पायावर उभी असून दुसरा पाय कानाला लागेल इतका उंच गेलेला होता. चर्या प्रसन्न, पाऊल ताणलेले, गुडघा सरळ. घरातील सारी मंडळी वाहवा करीत होती आणि मीही करणार होतो. इतक्यात चित्राच्या कडेला भिंतीची एक पांढरी पट्टी माझ्या दृष्टीस पडली. उंच गेलेली टाच त्या भिंतीला टेकलेली होती. मी मुलीला म्हटले, "बाळ, भिंत सोडून एकदा दाखव पाहू." तिने खुर्चीच्या पाठीला हात लावून पाय उचलला. तो कसाबसा कमरेपर्यंत आला, थरथरला आणि खाली गेला. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, तो वर राहतो, पण कोणीतरी धरावा लागतो."

पुढे चौकशी करता जे कळले ते असे. तिच्या वर्गात मुलींना दोन खुर्च्यांवर एकेक पाऊल ठेवून मध्ये खाली बसवतात, म्हणजे जमिनीवर पाय फाकून बसण्यापेक्षाही अधिक फाकवतात, आणि वरून शिक्षिका मांडीवर भार देते. मुलीच्या जांघेत चार महिने कळ येत होती. तिला सांगण्यात आले की, दुखल्याशिवाय अंग लवत नाही. त्या वर्गाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. हा दोष एका वर्गाचा असता तर त्या बाईंना एक पत्र लिहून मी गप्प बसलो असतो. परंतु हीच रीत आज गावोगावच्या शिकवण्यांतून, हातोहाती फिरणाऱ्या चित्रांतून आणि स्पर्धांच्या जाहिरातींतून प्रतिष्ठा पावत आहे. आपल्या समाजातील मुली मुंबईत, लंडनमध्ये, टोरांटोत ही कला शिकू लागल्या आहेत, याचा मला आनंदच आहे. म्हणूनच या रीतीविरुद्ध स्पष्ट बोलणे मला भाग आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. पाय उंच जाण्यास दोन गोष्टी लागतात: सांध्याने वाट देणे, आणि स्नायूने त्या वाटेने पाय नेऊन तेथे धरून ठेवणे. पहिलीस आपण लवचिकपणा म्हणतो, दुसरीस बळ. आज पहिलीचा बाजार मांडला गेला आहे आणि दुसरीला कोणी विचारीत नाही. मुलगी जमिनीवर पाय फाकून सहज बसते, पण उभी राहिली की तिचा पाय कमरेवर जात नाही, असे दिसले की शिक्षक म्हणतात, "अजून ताणायला हवे." वस्तुतः ताण तिला पुरेसा मिळालेला असतो, उणीव असते ती उचलण्याच्या शक्तीची. विहिरीला पाणी आहे, पोहरा फुटका आहे, आणि हे लोक विहीर आणखी खणीत बसले आहेत.

आता ही उंचीची हाव आली कोठून, हे पाहू. बॅले ही मुळात इटली व फ्रान्समधील दरबारांत वाढलेली कला. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिस येथे नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली, तेव्हा नर्तकाच्या अंगावर जड पोशाख असे आणि पाय फार वर नेण्याची सोयही नव्हती, शिष्टाचारही नव्हता. तथापि अंगावर बळजबरी करण्याची खोड त्याही काळी होती. मुलांचे पाय खुब्यातून बाहेरच्या बाजूस वळावेत, म्हणून त्यांना एका यंत्रात उभे करीत. त्या यंत्राला 'तूर्न-हांश', म्हणजे खुबा फिरवणारे, असे नाव होते. ज्यां-जॉर्ज नोव्हेर या थोर नृत्याचार्याने १७६० साली नृत्याविषयीची आपली पत्रे प्रसिद्ध केली, त्यांत त्याने या यंत्राची निर्भर्त्सना केली आहे. त्याचा उपयोग तर काही नाहीच, उलट ते वापरणारा लंगडा मात्र होतो, असा त्याचा आक्षेप होता. आज अडीचशे वर्षांनंतर ते यंत्र कोणी वापरीत नाही. त्याची जागा दोन खुर्च्यांनी आणि एका शिक्षिकेच्या भाराने घेतली आहे.

त्याच परंपरेतील दुसरे चित्र पाहा. मारी ताल्योनी ही पुढे १८३२ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यात अवतरली आणि तिने एक युगच घडवले. १८२२ मध्ये व्हिएन्ना येथे तिचे पदार्पण झाले. त्यापूर्वी तिच्या पित्याने तिच्याकडून रोज सहा तास मेहनत करून घेतली, आणि त्यातील मोठा वेळ एकेक आकृती न हलता धरून ठेवण्यात जाई. मनात शंभर आकडे मोजून होईपर्यंत पाय खाली आणायचा नाही. मेहनत कठोर होती, प्रसंगी अमानुषही वाटावी अशी होती. मुलीला चक्कर येईपर्यंत राबवणारा तो पिता मला आदर्श वाटत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिचा पाय धरून ठेवण्यास त्याने कोणा मदतनिसाला बोलावले नाही. पाय तिचा, भार तिचा आणि धरणेही तिचेच.

रशियात आग्रिपिना वागानोव्हा हिने १९३४ मध्ये लिहिलेल्या पाठ्यग्रंथावर आजही अर्धे जग चालते. तीत मोठ्या आकृतींचे माप ९० अंश, म्हणजे काटकोन, असेच धरलेले आहे. त्या काळी एवढी उंची भरपूर समजली जाई. मग ती वाढत गेली. याचा अत्यंत मनोरंजक पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिळतो. 'स्लीपिंग ब्युटी' हे चायकोव्हस्कीच्या संगीतावर पेतिपाने रचलेले नृत्यनाट्य १८९० मध्ये पीटर्सबर्ग येथे प्रथम झाले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रंगमंदिर महायुद्धानंतर १९४६ मध्ये पुन्हा उघडले ते याच नाट्याने, आणि राजकन्येची भूमिका मार्गो फॉन्टेनने केली होती. त्या नाट्यात चार राजपुत्र राजकन्येस गुलाब देतात तो एक प्रसिद्ध प्रवेश आहे. एलेना दाप्राती आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९४६ पासून २००४ पर्यंतची त्या नाट्याची छायाचित्रे जमवून नर्तकींच्या अवयवांचे कोन मोजले. आकृती त्याच, नाव तेच, संगीत तेच. पण पाय मात्र दशकागणिक वर वर सरकत गेलेला आढळला. इतकेच नव्हे, नृत्याचा गंध नसलेल्या सामान्य माणसांना त्या आकृत्यांची केवळ रेखाटने दाखवली असता त्यांनाही अलीकडच्या, अधिक उभ्या रेषेच्या आकृतीच अधिक आवडल्या.

या निष्कर्षाने उंचीच्या कैवाऱ्यांना हर्ष होईल. होऊ द्या. मला तो निष्कर्ष मान्य आहे. लोकांना उंच पाय आवडतो आणि १९४६ ची उंची परत आणावी असा माझा हट्टही नाही. कलेची रुची बदलते; तिच्याशी भांडून उपयोग नाही. माझे भांडण उंचीच्या मार्गाशी आहे.

या बाबतीत सिल्व्ही गिलेम हिचे नाव हटकून पुढे केले जाते. १९६५ मध्ये पॅरिस येथे जन्मलेली ही नर्तकी आधी व्यायामक्रीडेत तयार झाली होती. तिची आई त्याच विषयाची शिक्षिका. १९८४ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, रुडॉल्फ नुरेयेवने तिला पॅरिस ऑपेरात 'एत्वाल' या सर्वोच्च पदावर नेमले. तिचा पाय कानाजवळून सरळ आकाशाकडे जाई आणि दोन्ही पायांची एकच रेषा होई. घड्याळात सहा वाजले की काटे जसे उभे राहतात तशी, म्हणून लोकांनी त्या आकृतीला सहाचे नाव दिले. तिच्यानंतरच्या मुलींवर त्या आकृतीची जी छाया पडली ती आजतागायत हललेली नाही. पण तिचे नृत्य ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले आहे त्यांनी सांगावे: तो पाय वर जात असता तिचा खांदा हलतो काय? मान आखडते काय? तो पाय शांतपणे, पाण्यातून वर येणाऱ्या कमळाच्या देठासारखा वर येतो, थांबतो, आणि जितक्या सावकाश आला तितक्याच सावकाश उतरतो. हे काम ताणाने होत नसते. पन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, तिने रंगभूमीचा निरोप घेतला. दुसऱ्याच्या हातांनी सैल करून ठेवलेल्या सांध्यांवर एवढी मजल मारता येईल असे मला वाटत नाही. शिवाय निसर्गाने तिला जो खुबा दिला तो प्रत्येकीला दिलेला नाही, हे सांगण्याचे धैर्य शिक्षकांनी दाखवले पाहिजे.

कारण खुबा हा शेवटी हाडांचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीराच्या खोबणीत बसलेले असते. ती खोबण कोणाची खोल, कोणाची उथळ. तिचे तोंड कोणाचे पुढे, कोणाचे बाजूला. सामान्य माणसाचा पाय सरळ बाजूस उचलला तर साधारण ४५ अंशांवर अडतो, कारण मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा वर येऊन कटीराच्या दिशेने दाटतो. पाय खुब्यातून बाहेर वळवला की तो उंचवटा मागे व खाली सरकतो आणि वाट मोकळी होते. बॅलेतील सारी उंची या एका वळणावर उभी आहे. ज्या मुलीला हे वळण स्वतःच्या स्नायूंनी धरता येत नाही तिचा पाय ओढून वर नेणे म्हणजे कुलूप न उघडता दार ढकलणे. दार उघडते कधी कधी. पण बिजागरी निसटून. जिनिव्हा येथील संशोधकांनी नर्तकींच्या हालचाली मोजून २०११ मध्ये दाखवून दिले की, अशा टोकाच्या आकृतींत हाडाचे डोके खोबणीत नीट मध्यभागी राहत नाही, किंचित सरकते, आणि खोबणीच्या कडेवर दाब पडतो. त्या कडेला कूर्चेची एक नाजूक किनार असते. ती एकदा फाटली की आपोआप पूर्ववत होण्याची आशा फारशी नसते.

मागच्या बाजूस जाणाऱ्या पायाची कथा आणखी निराळी. खुब्यातून पाय मागे जातो तो फार तर १५ ते २० अंश. आराबेस्क या आकृतीतील उरलेली सारी उंची कटीर पुढे कलण्यातून आणि पाठीच्या कण्यातून येते. जिची पाठ वरपासून खालपर्यंत बळकट आहे तिची वाक सर्व मणक्यांत वाटली जाते. जिची तशी नाही ती कमरेच्या एकाच ठिकाणी मोडते, आणि वर्षानुवर्षे तेथेच मोडत राहिल्यास त्या मणक्याला बारीक चीर जाते. ही दुखणी काल्पनिक नाहीत. नर्तकांवर उपचार करणाऱ्या वैद्यांची दालने त्यांनी भरलेली असतात.

आता पाय वर धरतो कोण? येथे बहुतेक शिक्षकांची गफलत होते. मांडीच्या समोरचा जाड स्नायू हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो, म्हणून सारी भिस्त त्याच्यावर. पण पाय कमरेच्या वर गेला की तो स्नायू आधीच इतका आखूड झालेला असतो की त्याला आणखी ओढण्यास जागा उरत नाही. तो गोळा येऊन दुखू लागतो. त्यापुढचे काम एका खोल स्नायूचे आहे. कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटाच्या आतून खाली उतरत तो मांडीच्या हाडाच्या आतील बाजूस जोडलेला असतो. वैद्यकात त्यास इलिओसोअस म्हणतात. तो दिसत नाही, म्हणून कोणी त्याची निगा राखत नाही. एखाद्या देवळात मूर्तीपुढे शंभर समया आणि गाभाऱ्याच्या पायाला ओल, असा हा प्रकार आहे.

इंग्लंडात मॅथ्यू वायन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर टांगण्याजोगा आहे. नृत्य शिकणाऱ्या मुलींचे गट पाडून सहा आठवडे एका गटाला जोराचा ताण, दुसऱ्याला अगदी सौम्य ताण, आणि तिसऱ्याला पाय उंच असताना करावयाचा बळाचा व्यायाम दिला. दुसऱ्याने पाय उचलून दिला असता तो कोठवर जातो, हे माप सर्वांचेच सुधारले. पण स्वतःच्या शक्तीने पाय कोठवर जातो, या मापात सौम्य ताणाच्या आणि बळाच्या गटांनी प्रगती केली. जोराने ताणलेल्या मुली तेथे मागे राहिल्या. ज्यांना सर्वांत अधिक कष्टवले त्यांनाच रंगमंचावर उपयोगी पडेल असे कमी मिळाले! याउपर "दुखल्याशिवाय लवत नाही" असे म्हणणाऱ्याने निदान हा प्रयोग खोटा आहे असे सिद्ध करावे.

या विषयावर एका विद्वान स्नेह्याशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे: "हे सारे युरोपियनांचे लाड. आपल्या शास्त्रात ललाटतिलक हे करणच आहे; पायाच्या अंगठ्याने कपाळी तिलक लावायचा. तिरुवालंगाडूच्या कथेत शिवाने कालीशी नृत्याची पैज लावून एक पाय थेट मस्तकापर्यंत नेला. तेथे कोणी अंशांची मापे घेतली?" वाद रंगला, कारण दोघांनाही देवळांतील शिल्पे पाहत हिंडण्याचा नाद आहे. पण मी त्यांना विचारले: चिदंबरमच्या गोपुरांवर नाट्यशास्त्रातील १०८ करणे कोरली आहेत, त्यांपैकी पाय मस्तकाशी नेणारी किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची गुडघा, घोटा, कंबर आणि हात यांच्या मेळाची. दुसरे असे की, शिल्पकार पोहोचलेली आकृती कोरतो. ती गाठण्यास नर्तकाला किती वर्षे लागली हे दगडात कोरलेले नसते. आणि शास्त्रात करण म्हणजे हातापायांचे एकत्र चलन आहे, खिळवून ठेवलेली पोज नव्हे. राहिली ती पैज. तिच्यात शिवाने स्वतः पाय उचलला. नंदीने तो धरला होता असे कोणत्याही पुराणिकाने अद्याप सांगितलेले नाही. स्नेही हसले, पण मानले नाहीत.

या दोन नृत्यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते. भरतनाट्याला देवळाबाहेरच्या रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आना पाव्हलोव्हाच्या सांगण्यावरून तिच्या मंडळीतील क्लिओ नोर्डी हिच्याकडे बॅलेचे धडे घेतले होते. ज्या देहाला अर्धमंडलीत खुबे बाहेर वळवून बसण्याची सवय आहे त्याला बॅलेचे वळण परके वाटू नये.

दुसरा एक आक्षेप पालकांकडून येतो: "लहानपणी हाडे मऊ असतात, तेव्हाच वाकवून घेतले पाहिजे, पुढे होत नाही." हा युक्तिवाद ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्यातील अर्धे सत्य फार घातक आहे. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांना वाढीच्या कूर्चा असतात, हे खरे. आणि म्हणूनच तेथे इजा लवकर होते. मांडीमागचा स्नायू बैठकीच्या ज्या हाडाला जोडलेला असतो ते टोक या वयात पुरते पक्के झालेले नसते. जोराच्या हिसड्याने स्नायू तुटण्याऐवजी हाडाचा तुकडाच उखडून येतो. शिवाय अकरा ते चौदा या वयात मुली झपाट्याने उंच होतात. हाड पुढे धावते, स्नायू मागे राहतो. सहा महिन्यांपूर्वी सहज जाणारा पाय आता जात नाही, आणि लांब झालेला तो पाय उचलण्यास पूर्वीचे बळ पुरत नाही. ही वेळ उंची कमी करून बळ भरण्याची. पण नेमक्या याच वेळी शिक्षक म्हणतो की मुलगी आळशी झाली आहे, आणि ताण दुप्पट करतो. सांध्यांना बांधून ठेवणारे जे अस्थिबंध असतात ते एकदा सैल झाले की रबरासारखे परत आखडत नाहीत. अतिलवचिक मुलींना तर, ज्यांचे वर्गात कौतुक सर्वांत अधिक होते त्यांनाच, ताणाची गरज सर्वांत कमी आणि बळाची सर्वांत अधिक असते.

मग करावे काय? केवळ निषेध करून थांबणे मला आवडत नाही. म्हणून जाणत्या शिक्षकांत जी पद्धत आहे ती सांगतो.

आधी परीक्षा. शरीर तापल्यानंतर मुलीला भिंतीशी पाठ लावून उभे करावे, दुसऱ्याने तिचा पाय दुखणार नाही इतकाच वर न्यावा, आणि सावकाश हात काढावा. पाय किती खाली येऊन थांबतो ते पाहावे. ते जे अंतर, तेच तिचे खरे उणे. अंतर मोठे असेल तर ताणाचे सारे प्रकार काही महिने बाजूला ठेवून बळाच्या मागे लागावे. अंतर लहान आणि उंचीही कमी, असे असेल तरच ताण वाढवण्याचा विचार करावा.

बळाचे व्यायाम दिसण्यात अगदी नीरस आहेत, आणि मला वाटते याच कारणाने ते मागे पडले. खुर्चीवर ताठ बसून, मागे न रेलता, एक गुडघा खुब्याच्या वर उचलून दहा आकडे धरावा. इतके साधे काम करताना भल्या भल्या मुलींची पाठ गोल होते. पाठीवर निजून गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यावा, पाय बाहेर वळवावा आणि मग हात सोडून तो तेथेच ठेवण्याचा प्रयत्न करावा. उभे राहून टाच बारवर ठेवावी आणि कटीर न हलवता ती बारपासून फक्त दोन बोटे वर उचलून धरावी. चार बोटे उचलण्याचा मोह टाळावा. देव्हलोपे, म्हणजे पाय गुडघ्यातून उलगडत वर नेण्याची क्रिया, प्रथम ४५ अंशांवर आठ मोजून करावी. उभा असलेला पाय, कंबर आणि खांदे जागचे हलले नाहीत तरच पुढच्या महिन्यात थोडी उंची वाढवावी. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाय उतरवणे. वर नेताना सारे मोजतात. खाली आणताना पाय धोंड्यासारखा पडतो. जितक्या मात्रांत चढला तितक्याच मात्रांत उतरवला, तर स्नायू दुप्पट कमावतो. ज्यांनी गाण्यात आरोहाइतकेच अवरोहाला घोटले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

उभ्या पायाकडेही पाहिले पाहिजे. तो खुब्यात बाजूस कलला तर वरच्या पायाची उंची ही उंची नसून नुसता तिरपेपणा असतो. पालथे निजून छाती उचलण्याचे व्यायाम आराबेस्कसाठी आवश्यक आहेत. हे सारे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांती ठेवून, रोज नव्हे.

ताण द्यावाच, पण वर्ग संपल्यावर, अंग तापलेले असताना, आणि सौम्य. दहापैकी तीन मात्रांचा. एकेका ठिकाणी अर्धा मिनिट पुरे. नाचण्याच्या आधी मिनिट-मिनिटभर ताणून बसल्यास स्नायूची शक्ती काही काळ उणावते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे रंगमंचावर जाण्याआधी विंगेत पाय फाकून बसणारी मुलगी आपलेच बळ तेथे सांडून जाते. अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबट यांनी १९४० च्या दशकात लुळ्या पडलेल्या अवयवांसाठी जी उपचारपद्धती काढली तिच्यातील एक युक्ती नर्तकांनी उचलली आहे: ताणलेला पाय सहा आकडे मदतनिसाच्या हातावर दाबावा, मग सोडावा, की तो आपण होऊन थोडा पुढे जातो. यातही मदतनिसाने ढकलायचे नसते, फक्त थांबून राहायचे असते. मांडीच्या मागे मधल्या भागात ओढ जाणवली तर चिंता नाही. बैठकीच्या हाडाजवळ किंवा जांघेत चिमटा बसला तर तत्काळ थांबावे. मुलांना हा भेद शब्दांत सांगता येतो, त्यांना विचारले तर.

आणि किती दिवसांत? हा प्रश्न मला प्रत्येक पालकाने विचारला आहे. महिन्यात सांध्याचा ताण सहन होऊ लागतो, कारण मज्जासंस्था त्या टोकाला सरावते. स्नायूचे खरे बळ येण्यास अनेक महिने, आणि ते नृत्यात विरघळण्यास वर्षे लागतात. वार्षिक संमेलनाच्या तारखेला शरीर ओळखत नाही. ज्या शिक्षकाला तीन महिन्यांत उंच पाय दाखवायचा आहे, त्याने सरळ सांगावे की मी मुलीचे छायाचित्र तयार करून देतो, नृत्य नव्हे. म्हणजे पालकांना फी कशाची देतो ते तरी कळेल.

भाचीने मुलीला तो वर्ग सोडवला. थोडे रुसवेफुगवे झाले. आता ती एका वृद्ध शिक्षिकेकडे जाते. पहिले चार महिने तिला तेथे पाय कमरेवर नेण्याची परवानगीच नव्हती, आणि त्याबद्दल तिने दूरध्वनीवर माझ्याकडे तक्रारही केली. जांघेतील कळ गेली आहे. गेल्या महिन्यात पुन्हा मुंबईस गेलो तेव्हा मी आपणहून विचारले नाही; तीच म्हणाली, "आजोबा, बघा." खुर्चीला एक बोट लावून तिने पाय उलगडला. कमरेच्या वर चार बोटे. आठ मोजले, पाय तेथेच होता. मग तो उतरू लागला आणि ती मोठ्याने उलटे आकडे मोजू लागली. तीनवर आली तेव्हा आईने छायाचित्र घेण्यासाठी हाक मारली, पण तिने मान वळवली नाही.